पडक्या पाणचक्कीचे दप्तर

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, देऊळ येते, नाही तर एखाद्या सत्पुरुषाची समाधी येते. आमच्या बेळगावच्या विद्यार्थ्यांना विचारले, तर ते किल्ल्यातली कमल बस्ती सांगतील, हलशीची देवळे सांगतील. त्यात वावगे काही नाही. ती देवळे पाहिलीच पाहिजेत. परंतु ज्याने देऊळ बांधवले त्या राजाचे, ज्याने दगड घडवला त्या पाथरवटाचे आणि ज्याने तो डोक्यावरून वाहिला त्या मजुराचे पीठ ज्या दगडाने दळले, तो दगड कोठे गेला, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. पोटाचा इतिहास आपण इतिहासात धरतच नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. इतिहास हा काही माझा विषय नव्हे. तरीही पडक्या पाणचक्क्यांबद्दल मला चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण यंत्र मोडून पडले की ते भंगार होते आणि देऊळ मोडून पडले की तो ठेवा होतो, हा भेद मला पटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, पडकी पाणचक्की हे एक दप्तर आहे. ते वाचता आले पाहिजे. आणि वाचता येईपर्यंत निदान जपून तरी ठेवले पाहिजे.

आधी पाणचक्की म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलेली नसेल. काही वर्षांपूर्वी गढवालात, उत्तरकाशीच्या बाजूला हिंडत असताना एका ओढ्याकाठी मी मोडलेला घराट पाहिला. तिकडे पाण्यावर चालणाऱ्या चक्कीला घराट म्हणतात. छप्पर गेलेले, तीन भिंती कशाबशा उभ्या, आत दगडाच्या दोन तळ्या एकावर एक तशाच बसलेल्या आणि खाली गाळात रुतलेले लाकडी चाक. चाकाची निम्मी पाती झडून गेली होती. तरी सगळी रचना जागच्या जागी समजत होती, इतकी ती साधी होती.

ओढ्याचे पाणी वरच्या अंगाला अडवून एका लहानशा पाटाने आणतात. त्या पाटाला तिकडे गूल म्हणतात. चक्कीपाशी आले की ते पाणी पोखरलेल्या झाडाच्या खोडातून तिरपे खाली सोडतात. खाली आडवे चाक असते, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकासारखे उभे नव्हे, तर कुंभाराच्या चाकासारखे जमिनीला समांतर. त्याच्या तिरप्या पात्यांवर पाण्याची धार आदळली की चाक फिरते. चाकाच्या मध्यातून उभा कणा वर जातो, खालच्या स्थिर तळीच्या भोकातून निघतो आणि वरच्या तळीला धरून फिरवतो. मध्ये दातेरी चाक नाही, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा.

त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे दाणे घालण्याची युक्ती. वर टांगलेल्या टोपलीवजा पात्रात धान्य भरतात. त्याच्या तोंडाशी बांधलेली एक काठी खाली फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड फिरला की काठी थरथरते, पात्र हलते आणि दाणे थोडे थोडे पडतात. पाणी वाढले, दगड जोरात फिरू लागला की काठी जास्त थरथरते, दाणे जास्त पडतात. पाणी ओसरले की दाणेही कमी. आपण वर्गात स्वयंनियंत्रण म्हणून जे तत्त्व फळ्यावर आकृती काढून शिकवतो, ते अक्षरओळख नसलेल्या माणसाने एका काठीने साधलेले आहे.

आता थोडे गणित करू. समजा, दर सेकंदाला ४० लिटर पाणी ३ मीटर उंचीवरून पडते. त्यातली शक्ती सुमारे १२०० वॅट होते. लाकडी चाकाने त्यातला तिसरा हिस्सा जरी पदरात पाडला, तरी ४०० वॅट झाले. निरोगी माणूस तासन् तास काम करतो तेव्हा त्याची शक्ती ७५ वॅटच्या आसपास भरते. म्हणजे तो ओढा पाच माणसांचे काम करीत होता. आणि पाच माणसे थकतात, ओढा थकत नाही. येथे 'माणसे' हा शब्दही जरा तपासून घेतला पाहिजे. ती पाच माणसे म्हणजे जवळजवळ नेहमीच पाच बायका.

येथेच आपला, म्हणजे दख्खनच्या लोकांचा, या गोष्टीशी संबंध येतो. गढवालातला 'घराट' आणि आपल्याकडच्या जुन्या मराठीतला 'घरट', म्हणजे मोठे जाते, हे दोन्ही शब्द संस्कृत 'घरट्ट' या एकाच शब्दातून आले. शब्द दोन्हीकडे पोचला. पण तिकडे त्याला पाण्याने फिरवले आणि इकडे बाईने. आपल्याकडे पाणचक्की रुजली नाही. असे का व्हावे?

मला याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण पाण्याचे. हिमालयातल्या ओढ्यांना बर्फाचे व झऱ्यांचे पाणी बाराही महिने पुरते. सह्याद्रीतले ओढे आषाढात माणूस वाहून नेतील आणि फाल्गुनात पाय भिजवणार नाहीत. दुसरे कारण धान्याचे. गव्हाचे पीठ काही आठवडे टिकते. ज्वारी-बाजरीचे पीठ लवकर जुने होते, मग त्याला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना ती तुटते. त्यामुळे रोजचे पीठ रोज दळणे आले, तेही दोन-चार शेर. त्यासाठी कोसभर दूरच्या चक्कीवर कोण जाणार? तिसरे कारण सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. पहाटे चार वाजता उठून दळणारी बाई घरात फुकट मिळत होती. जिथे कष्टाला मोल नाही, तिथे कष्ट वाचवणारे यंत्र शोधण्याची कोणाला निकड वाटत नाही.

या गोष्टीला दख्खनमध्ये एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील खाम नदीकाठची पाणचक्की. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी हे शहर वसवले आणि त्याला जमिनीखालच्या नहरींनी पाणी आणले. पुढे मोगल अमदानीत याच पद्धतीने आणखी नहरी निघाल्या. त्यांपैकी एका नहरीने हर्सूलच्या बाजूने कित्येक किलोमीटरांवरून, मातीच्या भाजलेल्या नळांतून पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी आणले. हे सूफी सत्पुरुष मध्य आशियातून आलेले. पाणी एका उंच भिंतीवर चढवून तेथून खाली हौदात पाडले आणि वाटेत त्याच्याकडून जाते फिरवून घेतले. त्या पिठाची भाकर फकीर, यात्रेकरू आणि गोरगरीब यांच्या पोटात गेली. मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत, त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो.

येथे गंमत पाहा. पाणचक्की म्हणून जागा प्रसिद्ध, पण पाहणारा माणूस कारंजे पाहतो, हौदातले मासे पाहतो, छायाचित्र काढतो आणि जातो. जात्यापुढे तो दोन मिनिटे थांबत असेल. आणि जे खरे आश्चर्य, ते तर त्याला दिसतच नाही. कारण ते जमिनीखाली आहे. उंचसखल जमिनीतून पंपावाचून पाणी वाहून आणणारे ते नळ, मध्येमध्ये हवा व दाब सांभाळणारे ते मनोरे, यांवर शहर वाढत गेले. रस्ते रुंदावताना आणि इमारतींचे पाये खणताना नहरी ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या. जाते जपले आणि त्याचा घसा मात्र आवळला, असा हा प्रकार आहे. पाणचक्की म्हणजे नुसती खोली आणि दगड नव्हे. बंधारा, पाट, नळ, धार, चाक, दगड, पीठ आणि ते खाणारा माणूस, ही सबंध साखळी म्हणजे पाणचक्की. त्यातली एक कडी जपून बाकीच्या तोडल्या, तर उरते ते शोभेचे.

पडक्या यंत्राला जपून काय मिळते, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून मी फ्रान्समधल्या बार्बगालचे उदाहरण देतो. दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळच्या रानात, एका टेकडीच्या उतारावर, रोमन काळातल्या पिठाच्या गिरण्यांचे अवशेष आहेत. दोन रांगा, प्रत्येक रांगेत आठ चाके, अशी सोळा चाके एकाखाली एक मांडलेली. वरच्या चाकावरून पडलेले पाणी खालच्या चाकाला, तेथून त्याखालच्याला. फेर्नां बन्वा या संशोधकाने १९३७ ते १९३९ या काळात तेथे उत्खनन केले. गिरणी रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली असावी, असे त्यांचे मत पडले. गुलाम मिळेनासे झाले तेव्हा पाण्याकडे वळले, असा अर्थही त्यावरून लावला गेला. पुढच्या संशोधनाने ते मत बदलले. गिरणी ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकातली, म्हणजे साम्राज्याच्या भरभराटीतली ठरली. एका पडक्या गिरणीने यंत्र आणि गुलामगिरी यांच्या नात्याविषयीचा एक मोठा सिद्धान्त डळमळीत केला.

पुढची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्या पाण्यात चुना फार होता. चाकांवर आणि लाकडी पन्हाळींवर त्याचे थर बसत. लाकूड केव्हाच कुजून गेले, पण चुन्याच्या थरांवर लाकडाचा ठसा राहिला. असे तुकडे उत्खननात निघाले आणि ते आर्लच्या संग्रहालयात पडून होते. त्या वेळी त्यांचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. सुमारे ऐंशी वर्षांनी, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या थरांचे रासायनिक वाचन झाले. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक वलये, तसे हे थर. त्यांवरून कळले की, लाकडी भाग दर पाच-दहा वर्षांनी बदलत असत, आणि गिरणी वर्षातले काही महिने, उन्हाळ्याच्या अखेरीपासून, बंद राहत असे. मग ती शहराच्या रोजच्या भाकरीसाठी नसावी, कदाचित जहाजांवरच्या टिकाऊ बिस्किटांसाठी पीठ करीत असावी, असा तर्क पुढे आला. ज्याने ते चुन्याचे खडे टाकून न देता कपाटात ठेवले, त्याचे आपण ऋणी असले पाहिजे. दप्तर जपणारा आणि दप्तर वाचणारा एकाच पिढीतला असावा लागत नाही.

आता एका आक्षेपाकडे वळतो. आमचेच काही स्नेही म्हणतात, "हे जुन्याचे वेड आहे. जाते गेले, बायका सुटल्या, बरे झाले. त्याचे गोडवे कशाला गायचे?" या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. जात्याबद्दल आपण जे लिहितो त्यात नव्वद टक्के ओवीचे कौतुक असते. ओवी थोर आहेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा बायकांनी त्यांत किती सांगून ठेवले आहे हे आपल्याला कळले. आपल्या कन्नड बांधवांकडेही 'बीसुव पद' म्हणजे दळण्याची गाणी आहेत. 'बीसुव कल्लू' हा दगड वेगळा नाही आणि ती बाईही वेगळी नाही. पण गाणे गोड म्हणून दळणे गोड ठरत नाही. ओवी ही कष्टाची सोबत होती, कष्टाची भलामण नव्हे.

ख्रिस्तकाळाच्या आसपास अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने पाणचक्कीवर एक लहान कविता लिहिली. दळणाऱ्या मुलींनो, आता कोंबडा आरवला तरी निजून राहा, तुमचे काम देवीने जलपऱ्यांवर सोपवले आहे, असा तिचा आशय. आपल्या ओवीत पहाट दळताना उगवते; त्याच्या कवितेत पहाट झोपेत जाते. यंत्राने माणसाला विश्रांती मिळावी, हे स्वप्न दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. कार्ल मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथात या कवितेची आठवण काढली ती उपरोधाने. यंत्र आले, पण कामाचे तास कमी होण्याऐवजी वाढले, असे त्याला दाखवायचे होते.

हे समजून घ्यायला आपल्याला फ्रान्सला जायला नको, गोकाकपर्यंत गेले तरी पुरे. घटप्रभेचा तो धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडतो. १८८० च्या दशकात त्याच पाण्याच्या शक्तीवर तेथे सूतगिरणी उभी राहिली. पाण्याने चक्की फिरवण्याचे तत्त्व तेच. फक्त घराटाच्या पाच माणसांच्या जागी शेकडो चात्या. ओढ्याने बाईला जात्यावरून उठवायचे, तेच पाणी येथे खेड्यातल्या माणसाला भोंग्याबरोबर उठवू लागले. यात गिरणीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तिने हजारो घरांत चूल पेटवली. पण आपली मुले पावसाळ्यात गोकाकला जातात, झुलत्या पुलावर उभी राहून पाणी पाहतात आणि परत येतात. ते पाणी शतकाहून अधिक काळ येथे काय काम करीत आले, हे त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून मी म्हणतो, जपायचे ते कौतुकासाठी नव्हे, समजण्यासाठी. प्रत्येक पडकी चक्की पुन्हा चालू करावी, असाही माझा आग्रह नाही. उत्तराखंडात डॉ. अनिल प्रकाश जोशी आणि त्यांची हेस्को ही संस्था यांनी घराटांना सुधारित चाके बसवून त्यांना पुन्हा कामाला लावले, काहींवर वीजही केली. जिथे ओढा वाहता आहे आणि गावाला गरज आहे, तिथे हे योग्यच. पण जिथे गरज संपली तिथे नोंद तरी राहावी.

आणि या नोंदीत माणसे आली पाहिजेत. जात्याची तळी झिजून गुळगुळीत झाली की तिला टाकी लावावी लागते. हे काम करणारे टाकारी खांद्यावर झोळी टाकून गावोगाव फिरत. त्यांच्या टाकीवाचून कोणाच्याही घरी पीठ पडले नसते. पण आज टाकारी हे नाव विमुक्त जातींच्या यादीत सापडते. म्हणजे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने सुरू झालेला शिक्का त्यांच्याही कपाळी बसला होता. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. ज्या हातांनी घराघरांतले दगड धारदार केले, त्यांनाच चोराचे हात ठरवले गेले. किल्ल्याच्या इतिहासात ही गोष्ट सापडणार नाही. ती दगडाच्या इतिहासात सापडते.

आपल्या कॉलेजला यात काय करता येईल? माझ्या मते पुष्कळ, आणि फारशा पैशांवाचून. पाणचक्क्या आपल्या तालुक्यात नाहीत, हे खरे. पण पाण्याची आणि दळणाची यंत्रे आहेतच. तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्या खेडोपाडी आहेत. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या किर्लोस्करांचे नाव पुढे या इंजिनांशी कायमचे जोडले गेले, हे येथे सांगायला हरकत नाही. उसाचे जुने चरक आहेत, तेलाचे घाणे आहेत, विहिरींवरच्या मोटेची दगडी थारोळी आहेत. सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अशी एक वस्तू मोजावी, तिचे चित्र काढावे, छायाचित्र घ्यावे आणि तिच्या प्रत्येक भागाचे नाव लिहून आणावे.

नावांवर माझा विशेष भर आहे. जात्याचा खुंटा, वरच्या तळीतली माकडी, मुखात घालायचा घास, हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. वस्तू मोडली तरी दगड राहतो. शब्द गेला की काहीच राहत नाही. आणि आपल्या भागात एकाच वस्तूला दोन घरांत दोन भाषांतली नावे आहेत, कधी एकाच घरातही आहेत. आपल्या या वार्षिकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांच्या संपादकांनी मिळून एक यादी करावी. एका बाजूला मराठी नाव, दुसऱ्या बाजूला कन्नड नाव, मध्ये चित्र. भाषेवरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. पिठावरून कधी झाल्याचे मला ठाऊक नाही.

यासाठी इतिहासाच्या प्राध्यापकांनी साल पाहावे, आम्ही पदार्थविज्ञानवाले शक्ती मोजू, भाषेच्या लोकांनी शब्द तपासावेत. पुढच्या वर्षीच्या अंकात अशा पन्नास वस्तू जरी छापून आल्या, तरी त्यांचा उपयोग काय, असे आज कोणी विचारू नये. आर्लच्या त्या चुन्याच्या खड्यांचाही उपयोग ऐंशी वर्षे कोणाला सांगता आला नव्हता. यादीसाठी लागणारी वही मी माझ्या टेबलावर ठेवली आहे. ज्याला पहिली नोंद करायची असेल त्याने यावे.